सुतकातला घास

३ फेब्रुवारी १९६४
सकाळी लोणावळ्यास उतरलो, तुरुंगात कंपाउंडर म्हणून हजर झालो. हवा छान. माझी बायको मुक्ता वारली, त्याला चार दिवस झाले. घरात बसवेना, म्हणून दहाव्यालाही न थांबता आलो. भाऊबंद रागावले. खोली तुरुंगाला लागून आहे. जेवण शेजारी, वॉर्डर महिपतीच्या घरी. डॉक्टरांनी काम सांगितले: प्रत्येक कैद्याला झोप, भूक, जिवाचा कंटाळा यांविषयी विचारायचे. मन खचलेला आढळला की नावापुढे फुली. त्याला वेगळ्या कोठडीत ठेवतात, म्हणजे नजर राहते.

४ फेब्रुवारी
कैदी थट्टा करतात. तुरुंगात काय नाचायचं असतं व्हय, असे एकाने विचारले. बेडशाच्या वरच्या वाडीतला बारकू मात्र जमिनीवर पडून असतो, खात नाही. त्याचा भाऊ कोंडू वारल्याचा निरोप परवा आला. मी फुली मारली. तो म्हणाला, आजारी न्हाई भाऊ, सुतक हाय. आमच्यात सुतक्याला एकलं जेवू देत न्हाईत, मेलेलं माणूस ताटावर येतं. हे तुझ्याच भल्यासाठी आहे, असे मी समजावले.

५ फेब्रुवारी
बारकू दुसरी थाळी मागतो. कोंडूलाबी वाढा म्हणतो. मग कोठडी कोंडूलाच झाडाय लाव, असे महिपतीने सुनावले. दुपारी मी पाहिले. बारकू भिंतीला चिकटलेला. भाकरी दोन्ही बाजूंनी खाल्लेली. फुली काढा म्हणून डॉक्टरांना विनवले. ऐकले नाही.

६ फेब्रुवारी
बारकू मेला. बसल्या जागी, तोंडात घास. जिवाचे काही बरेवाईट करू नये म्हणून महिपतीने सकाळीच त्याचे हात मागे बांधले होते. घास कोणी भरवला — कोठडीला कुलूप होते.

७ फेब्रुवारी
माझ्या सुतकाचे कळताच महिपतीने माझे जेवण बंद केले. घरात लेकरं हायेत, म्हणाला. बराकीत गेलो, तुमच्या पंगतीला बसू द्या म्हणालो. सगळ्यांनी पाठ फिरवली. एक म्हातारा तेवढा बोलला — तुमचं कोण मेलंय ते ठावं हाय आमाला. जावा. एकलंच जेवा.
उपाशी आहे.

८ फेब्रुवारी
दुपार. गावातल्या खाणावळीकडे निघालो, चक्कर — पडलो होतो बहुधा. खाल्ल्याशिवाय आता —
स्टोव्हवर भात केला. दार उघडे ठेवले. अंगणात ऊन आहे, माणूस नाही. हाक मारली. महिपतीने खिडकी लावून घेतली.
ताट घेतले. एकच. बसलो. भात कालवतो आहे, आणि