घासून पांढरा केलेला तवा

गोडदेव, भाईंदर

रेवती, आशीर्वाद.

तू मस्कतहून पाठवलेला न चिकटणारा तवा मी रोज तारेच्या घासणीने खरडला. वाटलं, काळं म्हणजे करपलेलं. चांदीसारखा केला. तुझ्या सान्वीच्या घावनात काळे कण दिसायचे. म्हटलं, मिरी आहे, गीळ.

परवा शेजारची जॉयस म्हणाली, "आजी, ते काळं रसायन होतं. अंगात वर्षानुवर्षं राहतं म्हणतात."

पोरीला तशीच डॉक्टरकडे नेली. त्यांनी तपासलं नि हसले. "ठणठणीत आहे. असे कण बहुतेक बाहेर पडून जातात. तवा तेवढा बदला."

त्या दुपारी तवा भंगारवाल्याला दिला नि मी पोटभर जेवले.

हे पत्र टाकणार नाही. फोनवर विचारलंस तर सांगेन, तवा भंगारवाल्याने नेला. त्यात खोटं काय आहे?

तुझी सासू,
पार्वती