साक्षीदार क्रमांक दोन

मी, खाली सही करणारी, वय सहासष्ट पूर्ण, धंदा शिवणकाम, गल्लीत जिला लहानथोर शिवणताई म्हणतात ती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. कुणी धाक घातलेला नाही, कुणी फूस लावलेली नाही. तसं काही करायला आधी बोलावं लागतं, आणि आमच्या घरात कुणी बोलत नाही. कोर्टाबाहेर बसणाऱ्या टायपिस्टने मला एक नमुना दिला होता. त्यात "शांत चित्ताने" असे शब्द होते. ते मी गाळले आहेत, कारण खोटं लिहिलेला कागद टिकत नाही असं तोच म्हणाला.

येत्या सोमवारी सकाळी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. झडप बदलणार आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शंभरातले नव्वद जण चालत घरी जातात. मी आयुष्यभर लोकांची मापं घेतली, त्यामुळे उरलेले दहा मला लगेच दिसले.

कलम एक. घर. दोन खोल्या, वरचा मजला, माझ्या आईकडून माझ्या नावावर आलेला. डोक्यावर गच्ची असल्याने मार्चपासून भट्टी होते. हे घर मी माझ्या एकुलत्या एक मुलीला देते. बँकेत जे काही असेल तेही तिलाच. माझ्या यजमानांच्या नावे मी काहीही ठेवत नाही. एक चमचासुद्धा नाही. हे वाचून गल्ली माझ्या नावाने बोटं मोडेल, तर खुशाल मोडू दे. मी हे रागाने केलेलं नाही; खरं कारण कलम सहामध्ये लिहिलं आहे. मुलीने मला फोनवर शब्द दिला आहे. ती म्हणाली, "आई, बाबांना त्या घरातून कोण बाहेर काढतंय? मला ते आत घेतील का, तेवढं विचार." तेवढं मला विचारता आलेलं नाही.

कलम दोन. पायाने चालवायची काळी मशीन, ओव्हरलॉकची मशीन, इस्त्री आणि खिळ्याला टांगलेल्या सगळ्या मोजपट्ट्या माझ्याकडे काज-बटणं करणाऱ्या बाईला द्याव्यात. तिने एकवीस वर्षं माझी बोलणी खाल्ली आणि एकही काज तिरपं केलं नाही. गिऱ्हाइकांच्या मापांची वही पण तिलाच. त्यात काही जणींची कंबर मी कमी लिहिली आहे आणि कापताना वाढवून घेतली आहे. त्या वही बघायला मागतात म्हणून तसं केलं. तिनेही तसंच चालू ठेवावं, त्याने कुणाचं बिघडत नाही.

उन्हाळ्याबद्दल इथेच लिहून टाकते. शाळांचे गणवेश सुट्टीत शिवायचे असतात आणि लोकांना पंखे उन्हाळ्यातच आठवतात. माझे यजमान पंखे दुरुस्त करतात. मोटारीची तार नव्याने गुंडाळणं, बेअरिंग बदलणं, छताला टांगून देणं, सगळं. म्हणजे लग्नाला अडतीस उन्हाळे झाले आणि त्यांतला एकही आम्ही स्वस्थ बसून एकत्र काढला नाही. लग्न झालं त्या वर्षी हे म्हणाले होते, "एवढा सीझन जाऊ दे, मग कुठेतरी थंड ठिकाणी जाऊ." मी प्रवासात अंथरूण गुंडाळून न्यायचं नवं होल्डॉल शिवून ठेवलं होतं. मग मुलगी झाली, मग तिची शाळा, मग माझे गुडघे. होल्डॉलमध्ये आता गाद्यांच्या जुन्या खोळी आहेत. हे हल्ली शिडीची दुसरी पायरी चढले की थांबतात आणि कुणी बघत नाही ना, ते बघतात. मी बघत असते. मला सुई ओवायला चार खेपा लागतात. तेही बघत असतील.

कलम तीन. माझी मोठी कात्री नणंदेकडेच राहू द्यावी. तिने ती नऊ वर्षांपूर्वी "दोन दिवसांसाठी" नेली आणि तिने पुठ्ठे कापले, तारा कापल्या, एकदा तर बादलीचा पत्रा कापला. आता ती मी रीतसर तिला दिलेली आहे. यापुढे कात्रीचा विषय निघेल म्हणून तिने आमच्याकडे यायचं टाळू नये. तिच्या भावाला माणसांची गरज पडेल.

कलम चार. पुढच्या खोलीतला पंखा. हा पंखा वाजतो. चार वर्षं वाजतो आहे. दर फेरीला एक टक. सगळ्या गावाचे पंखे गप्प करणाऱ्या माणसाच्या डोक्यावर तो वाजत असतो, आणि माणूस ढिम्म.

यांची एक पद्धत आहे. दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूला ते पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधतात, तांब्याच्या तारेच्या तुकड्याने. वर लिहितात वस्तू, मग बिघाड, मग केलेलं काम. घरातही तेच. मागच्या महिन्यात स्वयंपाकघरातल्या नळाला चिठ्ठी लटकत होती: "नळ. गळत होता. वॉशर बदलला." तोंडाने सांगायचं नव्हतं, म्हणून. इस्त्रीला आली, दाराच्या कडीला आली, पंख्याला कधी आली नाही. रोज दुपारी जेवणं झाली की मी आडवी पडते आणि छताकडे बघून म्हणते, "हा पंखा कुणी बघेल का?" हे भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. जागे असतात, मला श्वासावरून कळतं. उत्तर येत नाही. मी केलं त्याची ही शिक्षा ते मला रोज दुपारी थोडी थोडी देतात, असं मी धरून चालले आहे. मुलीने हा पंखा भंगारात द्यावा आणि नवा आणावा. यांनी त्याला हात लावू नये.

कलम पाच. स्टीलची तीन ताटं, एकसारखी, काठाला बारीक रेघ असलेली. ही मुलीची. तिने ती वापरावीत, शोभेला ठेवू नयेत. मी काय केलं ते या ताटांबरोबर लिहून ठेवते.

मुलीला ज्याच्याशी लग्न करायचं होतं तो बोटीवर काम करतो. वर्षातले आठ महिने समुद्रावर. यांनी नाही म्हटलं. म्हणाले, "जो घरात नसतो तो कसला जावई?" हे म्हणणारा माणूस स्वतः उन्हाळाभर शिडीवर, पण असो. दोन महिने घरात तेच चाललं होतं. शेवटी मीच तिची बॅग भरली. गाडी दोनची होती. हे एका शाळेत पंखे बसवायला गेले होते आणि एकला जेवायला येणार होते. म्हणून ती अकरालाच निघाली. हे आले तेव्हा मी तीन ताटं मांडून ठेवली होती.

"ती कुठाय?" यांनी विचारलं.

"मैत्रिणीकडे गेलीय. येईल इतक्यात."

"येऊ दे मग. एकदमच बसू."

हे हात धुऊन ताटापुढे बसून राहिले. सकाळी सहापासून उन्हात काम करून आलेला माणूस. मी दोनदा म्हटलं, तुम्ही सुरू करा. दोनदा म्हणाले, येऊ दे. सव्वादोनला मी सांगितलं, ती गेली.

यांनी तिसऱ्या ताटाकडे बघितलं. मग म्हणाले, "तीन ताटं का मांडलीस?"

"तुम्ही स्टेशनवर धावत गेला असतात."

"गेलो असतो," हे म्हणाले. "डबा तरी दिला असता तिला."

त्यानंतर हे माझ्याशी बोललेले नाहीत. ते माझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य. मला चार वर्षं ते पाठ आहे. यांना मुलीला अडवायचंच नव्हतं, आणि चौतीस वर्षं एका घरात राहून मला ते कळलं नव्हतं. मी माफी मागितली. पहिल्या आठवड्यात रडून मागितली, पुढच्या वर्षी भांडून मागितली, नंतर थकले आणि मीही अबोला धरला. मुलगी दर रविवारी चारला फोन करते. पावणेचारला हे आपणहून खाली जाऊन औषधवाल्याच्या बाकावर बसतात. मी हाक मारत नाही. यांचा शर्ट उसवला की तो माझ्या मशीनवर ठेवलेला सापडतो, मी शिवून खुर्चीवर ठेवते. असं आमचं चालू आहे. बाहेरच्याला वाटेल किती शांत घर.

कलम सहा. साक्षीदार. टायपिस्टकडे गेले तेव्हा मी त्याला सांगितलं होतं, "यजमान माझ्याशी बोलले तर घर त्यांचं, नाही बोलले तर मुलीचं, असं लिहा."

तो चष्मा काढून म्हणाला, "ताई, बोलण्याची अट कायद्यात बसत नाही. उद्या ठरवणार कोण, बोलले की नाही?"

मग त्याने समजावलं. साक्षीदार दोन लागतात. त्यांनी समोर बसायचं, मला सही करताना बघायचं, मग स्वतः करायची. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं तो साक्षीदार चालत नाही. "आणि म्हातारेकोतारे आणू नका," तो म्हणाला. "साक्षीदार तुमच्या मागे राहणारा हवा. कोर्टात उभं राहायची वेळ आली तर तोच राहणार."

मी विचारलं, "यजमान चालतील?"

"त्यांना काहीच मिळणार नसेल तर चालतील," तो हसला. "पण नवऱ्याला काहीच ठेवलं नाही असं कसं होईल?"

मी म्हटलं, होईल.

कलम एकचं कारण हे आहे. घर देऊन मला यांचं काही ऐकायला मिळणार नव्हतं. न देऊन निदान हे टेबलाशी समोर बसतील. चार उन्हाळ्यांत आम्ही समोरासमोर बसलेलो नाही. वयाने एकाहत्तर आहेत, पण हृदय ठणठणीत आहे, माझ्या मागे राहतील. टायपिस्टची तेवढी अट पुरी होते.

आता पुढचं साक्षीदार क्रमांक दोन यांच्यासाठी. अहो, मला भीती वाटते. ऑपरेशनची वाटते, नाही असं नाही, पण ती सोमवारी संपेल. सोमवारी मला झोपेचं औषध देतील आणि डोळे मिटताना माझ्या कानात तुमचा आवाज असेल तो डब्याचाच असेल. तसं जायची मला भीती वाटते. आणि मी गेले तर तुम्ही या घरात एकटे, वर तो पंखा, रविवारी चारला फोन वाजत राहील आणि तुम्ही खाली बाकावर बसलेले असाल. तुम्ही तो उचलणार नाही हे मला माहीत आहे. मी हात टेकले आहेत. मला काय करायचं ते कळत नाही. शिव्या द्या, या कागदातल्या चुका काढा, माझं अक्षर वाईट आहे म्हणा. काहीही म्हणा, पण मला म्हणा. भिंतीला म्हणू नका.

हा कागद मी टेबलावर ठेवते आहे. पेन शेजारी आहे, टोपण काढून. मी आतल्या खोलीत मशीनवर बसते. सही मी अजून केलेली नाही. तुम्ही समोर येऊन बसलात की करेन. पहिले साक्षीदार, खालचे औषधवाले, पाचला वर येतो म्हणाले आहेत.

स्थळ: पुढची खोली, जेवणाचं टेबल.
दिनांक: मे महिन्यातला दुसरा शनिवार, सकाळचे अकरा.

लिहून देणार (शिवणताई): ____________

साक्षीदार क्रमांक एक (खालचे औषधवाले): ____________

साक्षीदार क्रमांक दोन (यजमान): ____________

(सह्यांच्या तिन्ही जागा कोऱ्या आहेत. शेवटच्या ओळीवर कागदाला भोक पाडून, तांब्याच्या तारेने पुठ्ठ्याच्या दोन चिठ्ठ्या बांधलेल्या आहेत.)

वस्तू: पंखा, पुढची खोली.
बिघाड: एक स्क्रू सैल. दोन मिनिटांचं काम.
केलेलं काम: नाही. पंखा गप्प झाला असता तर दुपारी तू काही बोलली नसतीस. दिवसभरात तेवढंच एक वाक्य माझ्या वाट्याला येत होतं.

वस्तू: हा कागद.
बिघाड: कलम सहा. साक्षीदार मागे राहणारा हवा, असं लिहिलं आहे. ते माझ्याकडून होणार नाही. सही केलेली नाही.
केलेलं काम: ताटं दोन मांडली आहेत. ये. येताना फोन आण, मुलीचा नंबर माझ्याकडे नाही.