पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं

आई,

राजापेठेतल्या आपल्या गच्चीवर तू कुरडया घालते आहेस आणि मी सोऱ्यात गरम चीक भरून देते आहे. मी नववीत. कॉन्व्हेंटचा निळा स्कर्ट चिकाने माखला म्हणून तू नुकतीच रागावली आहेस. तेवढ्यात बाबा दवाखान्यातून तुझा रिपोर्ट घेऊन येतात, माझ्या हातात देतात आणि पुन्हा सायकलवर टांग टाकून कामावर जातात. इंग्रजी त्यांनाही येत नव्हतं. "माहे हात भरले आहेत, तूच वाच व," तू म्हणालीस. "मोठ्यानं वाच."

मी मोठ्यानं वाचलं. जवळजवळ सगळेच शब्द अडले. पण शाळेत सिस्टर सांगायच्या, शब्द अडला की थांबायचं नाही, ओळखीच्या शब्दावरून अर्थ लावायचा. त्या कागदावर माझ्या ओळखीचा एकच शब्द होता, पॉझिटिव्ह. प्रगतिपुस्तकात माझ्या स्वभावापुढे सिस्टर तोच लिहायच्या. मी म्हटलं, "चांगलं आहे, आई. पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं."

"बाप्पा! एवढुशा गाठीले एवढा मोठा कागद!" तू हसलीस, आणि कठड्यावरून शेजारच्या काकूंना ओरडून सांगितलंस, "माह्या पोरीनं वाचला. आता डॉक्टरले काय विचाराचं?" तो कागद तू तांदळाच्या डब्यामागे ठेवलास. सात महिन्यांनी तो डॉक्टरांपुढे गेला तेव्हा ते बाबांवर ओरडले, इतके दिवस काय करत होता म्हणून. बाबा माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. तू खाटेवरून म्हणालीस, "पोरीले काई म्हणू नका. तिचा धडा तिथवर आला नसन." पुढच्या उन्हाळ्यात आपल्या गच्चीवर कुरडया झाल्या नाहीत.

निवृत्त झाल्यापासून मी कॅन्सरच्या कामात स्वयंसेवक आहे. जगभर आमच्यासारखी माणसं आहेत. मोबाइलच्या पडद्यावर बैठका होतात, केनियातली एक नर्स, पेरूमधले एक म्हातारे मास्तर, आणि अमरावतीहून मी. सरकारांपुढे ठेवायच्या मागण्यांमध्ये एक माझी आहे: रुग्णाच्या भाषेत समजावून सांगितल्याशिवाय रिपोर्ट नुसता हातात देऊ नये. सगळ्यांनी ती उचलून धरली. कशी सुचली, असं मास्तरांनी विचारलं, तर मी म्हटलं, माझ्या आईला इंग्रजी येत नव्हतं. मला येत होतं, हे सांगितलं नाही.

त्याच मागणीच्या सह्यांसाठी मी अकोल्याला जाते. तिथे एक बांगडीवाली आहे, स्वतः या आजारातून उठलेली. माझ्याहून जास्त सह्या तीच जमवते. मागच्या महिन्यात माझ्या हातात बांगडी चढवता चढवता मध्येच थांबली. "मॅडम, सबको बोलते, दिखाओ, दिखाओ. तुमने अपना कब दिखाया?" मी हसले. ती हसली नाही. हात तसाच धरून ठेवला.

म्हणून दाखवलं. परवा रिपोर्ट आला. आई, तोच शब्द. या वेळी एकही शब्द अडला नाही. सून कणीक मळत होती, मनगटापर्यंत हात भरलेले. "काय आलं, आई?" तिनं विचारलं. करोनाने तो शब्द घरोघरी शिकवून ठेवला आहे, आता तो चांगला म्हणून खपत नाही. मी म्हटलं, "निगेटिव्ह." तिनं डोळे मिटले, दंडानं ते पुसले आणि म्हणाली, "घाबरवलं नं तुमी मले."

रिपोर्ट तांदळाच्या डब्यामागे आहे. दुसरी जागा मला सुचलीच नाही. एक दिवससुद्धा घालवू नका, असं दारोदार सांगत फिरणारी मी, माझे दोन दिवस गेले. मला मरायचं नाही, आई. आणि तोंड उघडत नाही. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाते आणि पाणी पिऊन परत येते. तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत जगले. आता तेवढंही उरलं नाही.

जमलंच नाही तर, म्हणून लिहून ठेवते. सह्यांचे कागद अकोल्याच्या बांगडीवालीला द्यावेत, आणि पुढच्या बैठकीत माझ्या जागी तिलाच बोलू द्यावं, तिच्या भाषेत. तुझा पितळी सोऱ्या नातीला. माझ्या हातातल्या या नव्या बांगड्या कोणालाच नकोत, त्या हातातच असू द्याव्यात. डब्यामागचा कागद सुनेला, आणि तो आजच.

ती आत्ता आतच आहे. तिचे हात रिकामे आहेत, हे मी दोनदा डोकावून पाहून आले.