गोंद वाळेपर्यंत

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. नमस्कार या वेळी जरा जास्तच वाकून आहे, कारण पुढे एक शंका आहे.

मास्तरांची खोली काल रिकामी केली. ते गेल्यापासून काकूंनी ती बंदच ठेवली होती. आता भाडेकरू येणार म्हणून मला बोलावलं. दार उघडलं तर तोच वास: गोंद, जुनं कापड आणि आम्हा दोघांचा धूर. ज्या बाकावर मी पुस्तकं बांधायला शिकलो, त्यामागची भिंत आमच्या डोक्यांच्या उंचीवर अजून पिवळी आहे. तुला ठाऊकच आहे, आम्ही घड्याळ बघत नसू. पुठ्ठ्याला गोंद लावायचा, वर वजन ठेवायचं आणि एक सिगरेट ओढायची. ती संपली की गोंद धरलेला असायचा. मास्तर गेल्यावर मी सिगरेट सोडली आणि माझी पुस्तकं उसवायला लागली, तेव्हा तू तुझं शाळेतलं गाणं दिलंस. ते एकदा पुरतं गुणगुणायचं. सहा वर्षं त्यावर चाललंय. गिऱ्हाइकं हसतात, हसू देत.

पण फळीमागे मास्तरांची पत्र्याची डबी सापडली. आत एकच सिगरेट, वाळून कडक. ती मी घरी आणली. पेटवली नाही. नाकाशी मात्र धरली, आणि एकदाच नाही. तेव्हापासून पहाटे स्वप्न पडतं. मास्तर बाकावर सरकून जागा देतात, मी बसतो, ओढतो, आणि इतकं बरं वाटतं, की जाग आल्यावर बोटं हुंगून बघतो. ही ओढली असं धरायचं का? स्वप्नात मी कधीच नको म्हणत नाही, मग सोडली ती नक्की कोणी? डबी कामाच्या टेबलावरच आहे. मला भीती वाटते, ताई.

तुझी माया आहे तेवढी असू दे. सध्या जरा जास्त खर्च होते आहे.

तुझा धाकटा

१७ फेब्रुवारी

चि. गोंद्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले. दुसऱ्यांदा वाचलं आणि हसू गेलं. स्वप्नांचा कसला हिशेब मागतोस? मी अजून स्वप्नात परीक्षेला उशिरा पोचते, म्हणून कोणी माझी नोकरी काढून घेतली नाही. तुझे दाजी स्वप्नात मैलोन् मैल पोहतात आणि जागेपणी बादलीला भितात.

मला काळजी आहे ती डबीची. ती समोर ठेवून तू स्वतःची परीक्षा घेतोयस, आणि परीक्षा म्हटली की तुझं लहानपणापासून पोट दुखतं. मास्तर त्या सिगरेटमध्ये बसलेले नाहीत रे. काकू फोनवर सांगत होत्या, तू सोडावीस असं मास्तरांना फार वाटायचं; पण स्वतःच्या तोंडात असताना सांगणार कसं?

एवढंच कर. मोह झाला की आधी माझं गाणं पुरतं म्हण. तुझा सूर ऐकून मोहच पळेल.

रागावले नाहीये, हे मुद्दाम लिहिते. आणि लोभ मागायचा नसतो, तो इथे आहेच.

ताई

२६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दुपारी घरात कोणी नव्हतं. टेबलावर ऊन आलं होतं. डबी उघडली. लपवत नाही, काडेपेटीही शोधून ठेवली. सिगरेट बोटांत धरली आणि तुझी अट आठवली. गाणं सुरू केलं. दुसऱ्या कडव्यात डोळा लागला असावा.

मास्तर बाकावर होते. सरकले. डबी पुढे केली. आणि मी म्हणालो, की मी सोडली. स्वप्नात, पहिल्यांदाच. मग गोंद वाळला हे कळतं कसं, असं त्यांनी अगदी काळजीने विचारलं. मी गुणगुणून दाखवलं. ते गाणं त्यांनी कधी ऐकलेलं नाही, पण थोड्या वेळाने पुठ्ठ्यावर बोटाने ठेका धरून तेही म्हणू लागले, माझ्याहून बेसूर. भिंत पिवळीच होती. फक्त धूर नव्हता, म्हणून त्यांचा चेहरा इतक्या वर्षांत प्रथमच नीट दिसला.

जाग आली तेव्हा सिगरेटचा मुठीत चुरा झाला होता. केरात टाकला. डबी काकूंना दिली, त्या तिच्यात सुया ठेवणार आहेत. पुन्हा कधी मोह होणार नाही, असं वर लिहिलं होतं, ते खोडलं.

काल एका जाड शब्दकोशाला पाठ चढवली. गोंद लावला, गाणं म्हटलं आणि शेवटच्या ओळीआधी उगाच थांबलो, कोणी पुरी करतं का बघायला. मग मीच म्हटली. पुस्तक पक्कं धरलंय.

असाच लोभ असू दे, आणि सूर सुधारायला सांगू नकोस.

तुझा
गोंद्या