न कापायचं गवत

४ मार्च
गवत कापायचं नाही! बावीस वर्षं या गोल्फच्या मैदानावर मी गवतच कापलं. आता क्लब बंद झाला, जमीन पालिकेकडे गेली, आणि साहेब म्हणाले – "तुम्ही फक्त राखण करा. वाढू द्या." उंच गवत पावसाचं पाणी जिरवेल, खालच्या आळीत पूर येणार नाही, म्हणे. त्या आळीत माझी बहीण राहते, म्हणून गप्प बसलो. पाणी जिरलं आणि पक्षी आले, तर मे अखेरीला पालिकेची समिती मैदान राखणार. नाहीतर इथे ट्रकतळ – आणि माझी नोकरीही गेली.

२७ मार्च
गुडघ्यापर्यंत आलंय. बघवत नाही. ही म्हणते, "गवत वाढतंय म्हणून जेवण सुटलेला माणूस पहिल्यांदाच पाहिला!" हिला काय कळणार!

५ एप्रिल
हात शिवशिवत होते. पंपघराच्या मागे, रस्त्यावरून दिसत नाही तिथे, चार ढांगांची पट्टी कापली. अगदी बारीक, जुन्या दिवसांसारखी. काय तो वास! घरी येऊन पोटभर जेवलो. कुणाला सांगायचं नाही.

१९ एप्रिल
पुन्हा कापली.

२ मे
धो धो पाऊस. बहिणीचा फोन – "दादा, या वेळी पाणी पायरीसुद्धा चढलं नाही रे!" गेल्या वर्षी तिच्या पलंगाखाली मासे पोहत होते. माझे डोळेच भरून आले. गवताला मनातल्या मनात सलाम ठोकला.

९ मे
पक्षी मोजायला येणारी मुलगी – मी तिला पाखरंवाली म्हणतो – आज हिरमुसली होती. चिमण्या झाल्या, लावे झाले. "पण टिटवीचं घरटं हवं होतं, काका. क्लब व्हायच्या आधी ती इथे असायची. तिच्याशिवाय समिती ऐकायची नाही."

१६ मे
मशीन घेऊन पट्टीकडे गेलो, तर टिटवी ओरडत डोक्यावर झेपावली! माझ्या बारीक कापलेल्या गवतात चार अंडी! आधी आनंद झाला, मग भीती वाटली. दाखवली तर माझी चोरी उघडी पडणार, लपवली तर मैदान जाणार.

१७ मे
पाखरंवालीला घेऊन गेलो. सगळं कबूल केलं. तिने अंडी पाहिली, पट्टी पाहिली, माझ्याकडे पाहिलं. टिटवीला उंच गवत चालत नाही, मोकळी जागा लागते, एवढंच म्हणाली आणि वहीत काहीतरी लिहून निघून गेली. नोकरी गेलीच म्हणायची! पण हलकं वाटतंय.

२५ मे
मैदान राहिलं! समितीचे लोक गाडीत बसल्यावर पाखरंवाली मागे वळली आणि हळूच म्हणाली, "काका, पुढच्या वर्षी पट्टी जरा रुंद कापा."