पूजेतली पॉलिसी

सनाबिस, बहारीन
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय कैलास,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र बाजूला टाकलं नसशील तर बरं. तू फोन उचलत नाहीस, आणि हे फोनवर बोलण्यासारखंही नाही, म्हणून जयेशच्या हाती पाठवतोय. माझा भाचा तो, सुट्टीवर निघालाय. राजापूरपर्यंत येऊन देईन म्हणाला.

आम्ही बरे आहोत. नीलाचे गुडघे गेलेत, आर्या नवऱ्याबरोबर रिफाला असते. नातू मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देतो. माझं वय झालं तरी मालकांच्या मुलाने मला सोडलं नाही, कारण जुने कागद कुठे आहेत ते मला एकट्याला माहीत. तुझी भातशेती कशी आहे? मथुरावहिनी कशा आहेत? विचारायचा हक्क नाही, तरी विचारतो.

आपला रंगाचा कारखाना बंद पडून बारा वर्षं झाली. मागचा खड्डा मात्र तसाच आहे, ज्यात तुम्ही ड्रम धुतलेलं थिनरचं पाणी ओतायचात. तुमचा कॅम्प आता बांगलादेशी पोरांना भाड्याने दिलाय. साठेक असतील. प्यायला टँकर येतो, पण आंघोळ, कपडे, भांडी सगळं मागच्या विहिरीवर. वॉचमन उस्मानचे दोन्ही हात कोपरापर्यंत सोललेत. परवा म्हणाला, “बाबूजी, पानी से पेंट का बास आता है.” मी म्हटलं, बघतो. हाच शब्द मी तुझ्यापाशीही वापरला होता.

यंदा सरकारी नोटीस आली: जमीन साफ करा. मालकांच्या मुलाकडे पैसा मफी, दमडी नाही. मग त्याच्या वकील बाईंनी एक वाट काढली. शरीफुन्निसा नाव, हैदराबादच्या, हुशार. म्हणाल्या, जुन्या विमा पॉलिसी शोधा. आताच्या पॉलिसीत प्रदूषण चालत नाही, पण तेव्हाच्या कागदांत ते वगळलेलं नसायचं. नुकसान त्या वर्षात झालं असेल तर दावा आज केला तरी विमा कंपनीला पैसे द्यावे लागतात. एकच अट. नुकसान कळल्याबरोबर कंपनीला कळवलेलं पाहिजे. माहीत असून गप्प बसलात असं निघालं, की खलास.

ऑफिसमधल्या जुन्या पॉलिसी तर केव्हाच तुकडे करायच्या मशीनमध्ये गेल्या. पण एक पॉलिसी माझ्या देवघराच्या खणात होती, एक्याण्णव सालची. तेव्हाचा मॅनेजर ऑफिसात पूजा करू देत नसे, म्हणून लक्ष्मीपूजनाला मी ती घरी आणली होती. प्लास्टिकच्या पिशवीत, वर हळदकुंकू. ती पिशवी न उघडता मी बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली. फार खूश होतो रे. वाटलं, आयुष्यात एक तरी काम धड झालं.

त्यांनी उघडली. मागच्या पानाला तुझी चिठ्ठी टाचलेली होती.

बाईंना देवनागरी येत नाही. विचारलं, “ये क्या है?” मी म्हणालो, लक्ष्मीचा मंत्र आहे, पूजेतला. कुंकू होतंच, त्यांचा लगेच विश्वास बसला. दुपट्ट्याला हात पुसून त्यांनी ती दोन बोटांनी उचलली, वेगळ्या पाकिटात घातली आणि यादीत लिहिलं: प्रार्थनेचा कागद.

शंभू गेला त्या दिवशी सलमानियाच्या हॉस्पिटलच्या दारात तू माझी कॉलर धरली होतीस. मी म्हणालो, कैलास, आईशपथ, तुझी चिठ्ठी मी वाचलीच नाही, कुठल्यातरी फाइलला लागली. तू कॉलर सोडलीस. धाकट्या भावाला पेटीतून गावी घेऊन गेलास आणि परत आला नाहीस.

न वाचता कुणी चिठ्ठी नेमकी विम्याच्या पॉलिसीला टाचतं का? मी खोटं बोललो हे एवढी वर्षं तुझ्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. वाचली होती. तू दिलीस त्याच दुपारी. ‘साहेब, खड्ड्यातलं पाणी विहिरीत उतरतंय. शंभूच्या लघवीतून रक्त जातंय. मोठ्या साहेबांना सांगा.’ कारखान्यात विम्याचं काम बघणारा मीच. मला कळलं म्हणजे कारखान्याला कळलं, असंच धरतात. उद्या सांगू म्हणून टाचून ठेवली. त्याच आठवड्यात नीलाच्या व्हिसावर मॅनेजरची सही व्हायची होती. कारखाना थांबवणारी बातमी घेऊन त्याच्यासमोर कसा जाणार? पूजेचं निमित्त बरं सापडलं. पॉलिसी घरी आली ती परत गेलीच नाही. नीला पंधरा दिवसांनी उतरली. शंभू त्यानंतर अडीच वर्षं त्याच विहिरीवर होता.

मंगळवारी मी प्रतिज्ञापत्रावर सही केली: कागद मंत्राचा आहे, गळतीची कुणालाच माहिती नव्हती. विमा कंपनी पैसे द्यायला जवळपास तयार आहे. पण त्यांनी त्या कागदाचा फोटो मुंबईला भाषांतराला पाठवलाय. खाली तुझं नाव आहे, गाव आहे. त्यांचा माणूस तुझ्याकडे येईल. मी म्हणेन, ती चिठ्ठी तेव्हा कुणी वाचलीच नव्हती, पूजेच्या कागदांत चुकून गेली, म्हणून मला मंत्रच वाटला. तुला विचारतील, कुणाच्या हातात दिली होतीस आणि त्याने वाचली का.

तू खोटं बोल असं मी सांगणार नाही, हे वाक्य तीनदा लिहिलं आणि खोडलं. कारण मला तेच हवंय. तू ‘माहीत नाही’ म्हणालास तर खड्डा उपसतील, विहीर बुजवतील, त्या साठ पोरांना नळाचं पाणी येईल. तू खरं सांगितलंस तर दावा पडेल, मी तुरुंगात जाईन, आणि शंभू कशाने मेला ते पहिल्यांदा कागदावर येईल. दोन्ही गोष्टी एकदम होणार नाहीत. ती सोय मी चौतीस वर्षांपूर्वी संपवली.

हे ओझं पुन्हा तुझ्याच डोक्यावर देतोय, कळतंय मला. माझी लायकी तेवढीच.

एकच कर. त्या माणसाशी बोलायच्या आधी हे पत्र मथुरावहिनींना वाचून दाखव. सगळं, काही न गाळता. नवरा त्यांचा गेला; त्या काय म्हणतील ते तू कर. मला कळवू नकोस. उपसणारं मशीन आलं किंवा पोलीस आले, की कळेल मला.

तुझा म्हणवत नाही,
शैलेंद्र