पाच शब्दांची तालीम

सिंदेवाही,
१२ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. शकुबाईस,
धाकट्या भावाचा, गुणवंताचा शि. सा. न. वि. वि.

बाई, फोन सोडून पत्र लिहून राह्यलो म्हणून रागावजो नको. फोनवर माह्या तोंडात शब्द अडकला का तूच तो पुरा करून मोकळी होतेस, अन् तुमच्याकडच्या टावरचं तर बोलायलाच नको. कागद माह्यासाठी थांबते.

डोक्यातली गाठ पुन्हा वाढली. ऑपरेशन झालं, विजेचा शेक झाला, गोळ्या झाल्या. आता नागपूरच्या डॉक्टर म्याडमनं साफ सांगितलं का त्या गोळ्यांचा जोर उरला नाई. त्यांच्या दवाखान्यात एका नव्या औषधाची चाचणी आहे. कोणाले नवं औषध, कोणाले नेहमीचं दुसरं, ते कम्प्युटर ठरवते. गुण येईनच अशी हमी नाई, असंही त्या बोलल्या. पण दुर्गेनं नवं औषध एवढंच ऐकलं अन् तिथीच हात जोडले. माह्यी बायको तशीच, तुले माहीत आहे.

आत घेण्याआधी तपासण्या आहेत. रक्त, डोक्याचा फोटो, अन् एक शब्दांची परीक्षा. पाच शब्द सांगतात, थोड्या वेळानं तेच विचारतात. मंग जनावरांची नावं. मी झाडीपट्टीच्या नाटकात भाषणं गाजवली, अन् काल दुर्गेले तांब्या मागतानी हात हवेत फिरवत बसलो. दवाखान्याच्या बाकड्यावर आमच्या पोरीले, दिव्यानीले, दुसऱ्या एका पेशंटच्या पोरानं त्याच्या बापाले विचारलेले शब्द सांगितले: कंदील, मुंगूस, ओसरी, लिंबू, चांदी. नापास झाल्यावर नाव गाळतात म्हणे. मले लय भेव वाटून राह्यलं बाई.

माह्यावरची माया पातळ होऊ देऊ नको, एवढंच मागणं.
तुहा, गुणवंत

एटापल्ली,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. गुणवंतास, अनेक आशीर्वाद.

तुह्यं पत्र अंगणवाडीतच हाती आलं. पोट्टे खिचडी खाऊन राह्यले होते. माह्ये डोळे पाहून मदतनीस मंगलीनं विचारलं, तर कांदा चिरला म्हणून सांगितलं. कांदा तिनंच चिरला होता.

अरे, भेतोस कायले? तुह्यं पाठांतर जनमभर कोणी करून घेतलं? तू गोठ्यात राजा होऊन ओरडायचास, अन् मी वही धरून बसायची. ओळ चुकली का शेण फेकून मारायची. तशीच तालीम आता कर. सुटे शब्द ध्यानात राहत नाईत, त्यांचं भाषण बनव: ओसरीत कंदील, कंदिलाखाली मुंगूस, मुंगसाच्या तोंडात लिंबू, लिंबावर चांदीचा वर्ख. उठल्यावर म्हण, धानाच्या बांधीवर म्हण, जेवतानी म्हण. जनावरांचं जंगलाच्या हिशेबानं घे, राजापासून खालपर्यंत: वाघ, अस्वल, सांबर, चितळ, ससा.

दिव्यानीचा फोन आला होता. ही लबाडी आहे म्हणे. मी तिले चांगली झापली. बापाचा जीव टांगणीले लागला अन् हिले खऱ्याखोट्याचं सुचून राह्यलं! नाव गाळलं तर दुसरं दार कुठी आहे, सांग.

गुणवंता, मी मोठी आहे. पहिले माहा नंबर आहे. रांग मोडू नको.

पथ्य पाळ, दुर्गेवर चिडू नको.
तुही, बाई

सिंदेवाही,
३० नोव्हेंबर २०२४

ती. सौ. शकुबाईस, शि. सा. न.

बाई, हास नाईतर रड. परीक्षा झाली.

म्याडमनं समोर बसवलं अन् म्हणाल्या का मी आता पाच शब्द सांगते. त्या थांबल्या, अन् मले वाटलं माह्यी पाळी आली! पहिला शब्द त्यांच्या तोंडातून निघायच्या आधीच मी खणखणीत आवाजात ओसरी, कंदील, मुंगूस, लिंबू, सगळं वर्खासकट म्हणून टाकलं. शेवटी हातही फिरवला. दिव्यानी खाली पाहत बसली. बाई, त्यांच्या हातातल्या कागदावर त्या दिवशी दुसरेच शब्द होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मीच.

म्याडम पहिले खूप हासल्या. मंग पेन खाली ठेवला. ही परीक्षा पास-नापासाची नाईच म्हणे. आज डोकं किती चालते ते लिहून ठेवतात, म्हणजे औषधानं पुढं सुधारलं का बिघडलं ते कळते. मी पाठ करून जास्त दाखवलं असतं, तर उद्याची माह्यी घसरण औषधाच्या माथी गेली असती. चांगलं औषधही वाईट ठरलं असतं, माह्यंही अन् माह्यामागून येणाऱ्यांचंही. अन् ज्यानं चाचणीचा कागद समजून सही करायची, तो पाठ केलेलंच बोलला तर त्याले खरं काय समजलं हे त्यांना कसं कळन?

पुन्हा बोलावलं आहे. घेतील का नाई, ते त्या नक्की बोलल्या नाईत. दुर्गा कालपासून जेवली नाई.

लोभ आहेच, आता जरा धीरही पाठव.
तुहा, गुणवंत

एटापल्ली,
५ डिसेंबर २०२४

चि. गुणवंतास, आशीर्वाद.

पत्र वाचून पहिले हासली, खोटं कायले सांगू. मंगलीले वाचून दाखवलं तर तीही पोट धरून हासली. माह्यं भाषण बरोबर होतं, तूच एन्ट्री घाईनं घेतली. नाटकातही तुह्यी हीच खोड होती.

पण मंग हासू गेलं. माह्या शहाणपणापायी तुह्या दारात आलेलं औषध परत गेलं, तर मी दुर्गेपुढं कोणतं तोंड घेऊन उभी राहू? पोट्टी खरं बोलत होती अन् मी तिच्यावर ओरडली. तिले सांग, आत्या चुकली. मी स्वतः सांगणार होती, पण फोन लागते कुठी!

आता काही पाठ करू नको. येईन ते बोल, नाई आलं तर नाई म्हण. मी इथी देवापुढं बसली आहे. तो तरी माह्यं ऐकते का पाहू.

जपून राहा रे बापा.
तुही, बाई

सिंदेवाही,
१४ डिसेंबर २०२४

ती. सौ. शकुबाईस, शि. सा. न.

बाई, घेतलं मले!

पाचातले दोनच शब्द आठवले. जनावरात वाघ आला, बैल आला, मंग सारं ठप्प. ताडोबाच्या शेजारी जनम गेला अन् चितळ सुचेना. डोळ्यापुढं उभं होतं, नाव तेवढं येईना. मले रडू आलं. म्याडमनं पाणी देल्लं. मंग विचारलं का ही चाचणी काय आहे ते तुमच्या शब्दात सांगा. मी तुटक तुटक सांगितलं का औषध नवं आहे, मले गुण येईन का नाई कोणालेच ठाऊक नाई, कम्प्युटर मले दुसरंही देऊ शकते, अन् मले नको वाटलं तवा मी उठून घरी जाऊ शकतो. त्या म्हणाल्या, बरोबर. नाताळ झाल्यावर भरती.

आता एक काम. कागदावर एक नाव लिहा लागते. माह्यं बोलणं बंद पडलं, तर माह्यावतीनं कोण सांगन, औषध चालू ठेवायचं का बस करायचं. दुर्गा बस म्हणणार नाई, माह्यी हाडं उरली तरी. दिव्यानीनं म्हटलं तर ती जनमभर स्वतःले खात बसन. मी तुह्यं नाव देल्लं. न विचारता देल्लं. नको असन तर कळव, खोडता येते.

रागावली तरी माया राहू दे.
तुहा, गुणवंत

एटापल्ली,
१९ डिसेंबर २०२४

चि. गुणवंतास, उदंड आयुष्य मागून आशीर्वाद.

नाव खोडू नको.

पहिले तुह्यावर भयंकर संतापली. मोठ्या बहिणीले असं काम सांगतात? पाळण्यापासून तुले ऊठ, चाल, हो पुढं एवढंच म्हणत आली. बस म्हणायले माह्यी जीभ वळन तरी कशी? पोट्ट्यांवर उगाच ओरडली. मंग दुर्गेचा विचार केला, दिव्यानीचा केला. त्या दोघींच्या डोक्यावर हे ओझं नको. माह्यं डोकं टणक आहे, तूच म्हणतोस.

पण कवा म्हणायचं, गुणवंता? जेवण गेल्यावर? दुर्गेले ओळखेनासा झाल्यावर? का त्याच्याही आधी? हे डॉक्टरले ठाऊक नाई, मले नाई. तुलेच ठाऊक आहे. सोमवारच्या गाडीनं येऊन राह्यली. दुर्गा चुलीपाशी असन तवा आपण दोघं अंगणात बसू, अन् ते मले सांगून ठेव. आताच सांग, तुले सांगता येते तवर.

बाकी भेटीत.
तुही, बाई